मुदमध्ये गाडी चालू होत नव्हती

"मंगेश जाणार असेल तर तुम्ही बरोबर जायचं," एवढंच बोलून रंजना पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. हिमाचलातल्या स्पितीला जायचा निर्णय आमच्या घरी असा झाला. नकाशा उघडून, महिनाभर वाचून वगैरे ठरवणारे लोक वेगळे. मी द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरची कागदपत्रं बघतो, नवीन पनवेलला राहतो, आणि त्या दिवसापर्यंत मी स्कूटरवरून कर्नाळ्याच्या पलीकडे गेलो नव्हतो.

मंगेश हा रंजनाचा धाकटा भाऊ. पनवेलजवळ नेऱ्याला राहतो, भात लावतो आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांची दोन फार्महाऊसं सांभाळतो. तेव्हा तो एकतीसचा होता. कॉलेजात असताना त्याला मधुमेह निघाला. गोळ्यांवर भागतो तो नव्हे. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवणंच सोडून देतं तो. तेव्हापासून सकाळी एक दिवसभर पुरणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी दुसरं, लगेच काम करणारं, असं त्याचं चालू आहे. दोन्ही जाड पेनासारख्या दिसणाऱ्या सुयांमधून घ्यायची. आमच्याकडे या औषधाला भीती असते ती उकाड्याची. वीज गेली की नेऱ्याला ती पेनं माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. थंडीचा विचार आमच्यापैकी कोणी कधी केलेलाच नव्हता.

आणि त्याची बाईक. चिखल-दगडांसाठी बनवलेली, उंच, सडपातळ, फोर-स्ट्रोक डर्ट बाईक. पावसाळ्यात तो ती मोकळ्या शेतांतून पळवायचा आणि मडगार्डपर्यंत लाल होऊन घरी यायचा. तिला सेल्फ स्टार्ट होता, किकही होती, पण नेऱ्याच्या हवेत किक मारायची वेळ कधी आली नव्हती. बटण दाबलं की चालू.

२०१२ चा ऑक्टोबर. लवकर तयार होणारं हळवं भात कापून झालं आणि आम्ही निघालो. दिवाळीच्या आत परत यायचं ठरलं होतं. बाईक आधीच कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून चंदीगडला पाठवली होती. कोणी असं करणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून द्या आणि आरसे काढून स्वतःजवळ ठेवा. आम्ही मागून रेल्वेने गेलो. चंदीगडला बाईक ताब्यात घेतली, शिमला, मग नारकंडा. मी मागे बसलो होतो. अशा बाईकची मागची सीट पाटासारखी अरुंद आणि कडक असते. रामपूर येईपर्यंत मला माझ्या कमरेतलं एकेक हाड ओळखीचं झालं होतं.

किन्नौरचा रस्ता मी वर्णन करून सांगणार नाही, कारण मी तो अर्धा डोळे मिटून पाहिला. कड्याच्या पोटात कोरलेला रस्ता, डोक्यावर दगडाचं छप्पर, डाव्या-उजव्या कुठल्यातरी एका बाजूला सतलज, आणि ती इतकी खाली की आवाजसुद्धा वर पोचत नाही. मंगेश मजेत होता. वळणावर थांबून सफरचंदं घ्यायचा, ढाब्यावर राजमा-चावल मागवायचा, आणि भाताकडे बघून मनातल्या मनात हिशेब करायचा की एवढ्यावर किती इन्सुलिन. थुक्पा, म्हणजे शेवया घातलेलं तिकडचं सूप, आला तेव्हा मात्र तो वाडग्याकडे बघतच राहिला. "भावजी, यात पीठ किती आन पानी किती, कसं कळायचं?" म्हणाला. मी म्हटलं, अर्धंच खा. त्याने पूर्ण खाल्लं.

पहिली खरी थंडी नाको गावात भेटली. सकाळी सेल्फचं बटण दाबलं तर नुसतं "टक्" असा आवाज आला. मंगेशने किक मारली. सात-आठ किकांनंतर बाईक चालू झाली, पण खोकल्यासारखी, थांबत थांबत.

"बॅटरी गेली का?" मी विचारलं.

"नाय हो. थंडीत जरा कुरकुर करतेच. गरम झाली की बघा."

गरम झाल्यावर ती खरंच नीट चालली. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, बाईक बंद करताना, उद्याचं काय हा विचार मला यायला लागला. ताबोला तेच झालं, काझाला तेच, आणि किका वाढत गेल्या.

काझाला आम्ही दोन दिवस राहिलो. स्पितीतला एकमेव पेट्रोलपंप इथेच, मोबाईल लागला तर इथेच, दवाखानाही इथेच, म्हणून मला ते गाव फार आवडलं. मी तिथूनच परत फिरायला तयार होतो. मंगेशला मात्र मुदला जायचं होतं. मुद हे पिन नदीच्या खोऱ्यातलं शेवटचं गाव, काझापासून साधारण पन्नास किलोमीटर. तिथे रस्ता संपतो. पुढे नुसते डोंगर आणि पायवाटा.

"रस्ता जिथं संपतो तिथं एक रात ऱ्हायचं, भावजी. बस. मग तुमी सांगाल तसं."

एका रात्रीसाठी सगळं ओझं कशाला, म्हणून अर्धं सामान काझाच्या गेस्टहाऊसवर ठेवलं. इन्सुलिनचा जादा साठाही त्यातच, माझ्या लोकरीच्या बनियनांत गुंडाळून ठेवला. मंगेशने चालू असलेली दोन पेनं तेवढी घेतली. रंजनाने त्याला फलालीनची एक पिशवी शिवून दिली होती. ती तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि रात्री जॅकेट पांघरुणात घेऊन झोपायचा.

अत्तरगूच्या पुलावरून स्पिती नदी ओलांडली की पिनचं खोरं सुरू होतं. रस्ता कच्चा, पण वाहनं जवळजवळ नाहीतच. मुदच्या थोडं अलीकडे एक ओढा रस्त्यावरून वाहतो. पाणी फार नव्हतं, पण कडेचे दगड बर्फाने गुळगुळीत झाले होते. मधोमध पुढचं चाक घसरलं, बाईक आडवी झाली आणि आम्ही दोघंही पाण्यात बसलो. लागलं कोणालाच नाही. बाईक उचलली तेव्हा ती चालूच होती, हे मला देवाची कृपा वाटलं. मंगेशचं जॅकेट मात्र एका बाजूने भिजलं. पिशवी त्याने लगेच काढून बघितली. ती कोरडी होती.

मुदला डोलमा नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, घरात त्या वेळी एकट्याच. नवरा गावातल्या इतर पुरुषांबरोबर हिवाळ्याचं रेशन आणायला काझाला गेला होता. दोघांचं राहणं-जेवण मिळून सातशे रुपये. स्वयंपाकघराच्या मध्यभागी लोखंडी चूल, तिचा धुराचा पाइप छतातून बाहेर गेलेला, आणि चुलीभोवती गाद्या. आत इतकं उबदार होतं की आम्ही पायमोजे काढून बसलो. बाईंनी जॅकेट चुलीजवळच्या खुंटीवर वाळत घातलं. मंगेशने जेवणाआधी पेन काढलं, काम झाल्यावर सवयीने परत त्याच खिशात ठेवलं. चुलीपेक्षा उबदार जागा घरात दुसरी कुठली असणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. शेजारच्या खोलीत जाऊन, चार-चार रजयांखाली आम्ही झोपलो.

रात्री चूल विझली की तिथलं स्वयंपाकघर बाहेरइतकंच थंड होतं, हे पनवेलच्या माणसाला कुठून माहीत असणार.

सकाळी मी तोंड धुवायला गेलो तर बादलीत वर बर्फाची जाड साय. बाई चूल पेटवत होत्या. मंगेश खुंटीपाशी उभा होता. जॅकेटची भिजलेली बाजू पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती. त्याने खिशातून पिशवी ओढून काढली, एक पेन बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. मग दुसरं.

"भावजी, गोठलंय."

"चुलीपाशी धर की. वितळेल."

"वितळंल, पन कामाचं नाय. एकदा गोठलं की ते गेलं. नुसतं पानी टोचल्यासारखं." त्याचा आवाज अगदी सपाट होता. मला तो आवाज ऐकूनच भीती वाटली.

त्याची सकाळची वेळ झाली होती. रात्रीच्या जेवणाचं औषध कधीच उतरलेलं, आणि दिवसभराचं जे घ्यायचं ते हातात बर्फ होऊन पडलेलं. साखर मोजायचं यंत्र काढलं तर तेही थंडीने बंद. काखेत धरून गरम केल्यावर आकडा दिसला, अडीचशेच्या वर. मी विचारलं, आता काय होतं. तो म्हणाला, आधी तहान, मग सारखी लघवी, मग उलट्या. "दुपारपर्यंत निभंल. पुढचं मला बी सांगता येनार नाय."

मी बाईंना विचारलं, बस कधी येते.

"बस तो परसों से नहीं आई, भाई जी. नाले पर बर्फ है."

"आणि जीप? कोई गाड़ी?"

"सबकी गाड़ी काज़ा गई है राशन लाने. शाम को आएगी. या कल."

फोन नव्हताच. खालच्या गावात आरोग्य उपकेंद्र आहे असं त्या म्हणाल्या, पण तिथे ही औषधं असतील का, हे त्यांना माहीत नव्हतं. घोडा देते म्हणाल्या. घोड्यावरून काझा म्हणजे दिवस गेला. उरली बाईक.

बाईक भिंतीच्या आडोशाला उभी होती. सीटवर बारीक मिठासारखं हिम साचलेलं. बटण दाबलं तर "टक्" सुद्धा झालं नाही. मंगेशने किक मारायला सुरुवात केली. पाच-सहा किकांतच तो वाकून, गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. त्या उंचीवर कोणालाही धाप लागते, पण याचा चेहरा पांढरा पडला होता. मला एक गोष्ट आठवली. औषध अंगात नसताना मेहनत करायची नाही, त्याने साखर आणखी बिघडते, हे रंजनाने मला निघताना दोनदा बजावलं होतं.

"तू बस," मी म्हटलं. "मी मारतो."

"तुमी मारलीय का कधी?"

"नाही. तू सांग, मी मारतो."

तो पायरीवर बसला. बाईंनी त्याच्या अंगावर रजई टाकली आणि हातात गरम पाण्याचा पेला दिला.

"आधी किल्ली बंद," तो सांगायला लागला. "क्लच दाबून धरा. आता किक हळूहळू खालपर्यंत न्या, चार-पाच येळा. आत तेल थिजलंय, ते सुटं झालं पायजे."

किक पायाखाली हलतच नव्हती. इंजिनात तेल नव्हे, काकवी भरली आहे असं वाटत होतं. हळूहळू ती जराशी सैल झाली.

"आता चोक ओढा. किल्ली चालू. किक खाली दाबत जा, मधी एका ठिकानी ती अडंल. अडली? तिथून केसभर पुढं न्या, वर सोडा, आन मग सगळं वजन टाकून एकदम खाली. आक्सिलेटरला हात लावू नका."

मी सगळं वजन टाकलं. काही नाही. परत टाकलं. चौथ्या वेळी किक उलटी उसळून नडगीवर आदळली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी थांबलो, श्वास घेतला, परत मारली. हवेत पेट्रोलचा वास पसरला होता.

"मंगेश, इतका वास यायला पाहिजे का?"

"तुमी गप मारा ना किक. बाईक माजी हाय का तुमची?"

माझ्याशी तो असं कधी बोलला नव्हता. साखर चढली की त्याची चिडचिड होते हे मला ऐकून माहीत होतं, तरी राग आलाच. मी म्हटलं, "तुझीच आहे. तुझ्याचसाठी मारतोय." तो उठला आणि घरामागे गेला. परत आला, पाणी प्यायला, परत गेला. आता त्या फेऱ्यांचाही अर्थ मला कळत होता, आणि माझा राग जागच्या जागी विरला. मी किक मारत राहिलो. पायाला गोळे आले होते, घशात रक्ताची चव येत होती, आणि एवढ्या थंडीत पाठीवरून घाम वाहत होता.

काही वेळाने तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. टाकीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "चोक नको व्हता. हितं हवाच पातळ, त्यात चोक ओढला. पेट्रोल जास्त झालं आत. माजंच चुकलं."

"मग आता?"

"प्लग काढू."

सीटखालच्या छोट्या पान्याने मी इंजिनात ठिणगी पाडणारा तो प्लग काढला. हातमोजे घालून पाना धरता येईना, आणि मोजे काढले की लोखंड कातडीला चिकटे. प्लग पेट्रोलने चिंब भिजलेला होता. डोलमाबाईंनी माझ्या हातातून तो घेतला, फडक्याने पुसला आणि चिमट्यात धरून चुलीवर शेकत बसल्या, जसा आपण पापड शेकतो. तेवढ्यात मंगेशने मला किल्ली बंद ठेवून, चोक आत ढकलून आणि आक्सिलेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका मारायला लावल्या, म्हणजे आतलं साचलेलं पेट्रोल उडून जातं. प्लगच्या भोकातून बारीक फवारे उडत होते. मग गरम प्लग फडक्यात धरून मी धावत आणला आणि बसवला.

पहिल्याच किकला "फट्" असा आवाज झाला. फक्त एकदा. पण तो जिवंत आवाज होता. पुढची किक, परत फट्, दोन-तीन ठोके, आणि बंद. आणखी एकदा तसंच.

"पेट्रोल पोचत नाय आता," मंगेश म्हणाला. तो भिंतीला टेकून खाली बसला होता आणि शब्द तोडून तोडून बोलत होता. "काल आपन पान्यात पडलो ना. कार्बोरेटरमधी पानी गेलं आसंल. ते गोठलं. गरम पानी मागा बाईंकडं. वरून वतू नका, फडकं भिजवून गुंडाळा."

बाईंनी किटली आणली. मी फडकं भिजवायचो, पिळायचो, कार्बोरेटरला गुंडाळायचो. ते थंड झालं की परत. त्याच्या खाली पेट्रोल काढून टाकायचा एक स्क्रू असतो. तो सैल केला तसं पेट्रोल माझ्या तळव्यावर आलं आणि त्यात साबुदाण्याएवढे बर्फाचे दोन-तीन खडे होते. मी ते मंगेशला दाखवले. त्याने फक्त मान हलवली. दुसऱ्यांदा साखर मोजली तेव्हा ती सव्वातीनशेच्या वर गेली होती.

स्क्रू घट्ट केला. पेट्रोल भरायला जरा वेळ दिला. किक अडेपर्यंत खाली नेली, केसभर पुढे, वर सोडली. मग मी उडी मारल्यासारखं सगळं अंग त्या एका पायावर टाकलं.

बाईक चालू झाली.

आधी अडखळत, मग एकसारखी. मंगेश म्हणाला, आता सोडू नका, आक्सिलेटर जरासा धरून ठेवा. मला सांगायची गरज नव्हती. मी ते हँडल दोन्ही हातांनी असं धरलं होतं की बाईंनी आमची पिशवी बांधून आणली तरी मी एक हात सोडला नाही. त्यांनी पैसे माझ्या खिशात हात घालून स्वतःच मोजून घेतले, मंगेशच्या डोक्याला स्वतःची लोकरीची शाल गुंडाळली आणि म्हणाल्या, "रुकना मत."

सुरुवातीला बाईक मंगेशनेच चालवली. ओढ्यापाशी मी उतरलो आणि पाण्यातून चालत गेलो, म्हणजे बाईक हलकी राहील. बूट भरले. पायांची जाणीव गेली ती काझा येईपर्यंत परत आली नाही. पुढे त्याला सारखं थांबावं लागत होतं. तो उतरला की मी हँडल धरून इंजिन चालू ठेवायचो आणि त्याच्या पाठीकडे बघायचो. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा जास्त वेळ लावत होता.

अत्तरगूच्या पुलाच्या अलीकडे तो थांबला, बाजूला वाकला आणि ओकला. नुसतं पाणी. तोंड पुसून म्हणाला, "भावजी, रस्ता नीट दिसत नाय मला. तुमी घ्या."

मी स्कूटर चालवणारा माणूस. त्या सीटवर बसलो की माझ्या पायांचे फक्त चवडे जमिनीला टेकतात. पण नाही म्हणायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. तो मागे बसला, माझ्या जॅकेटच्या दोन्ही खिशांत हात घातले आणि डोकं माझ्या पाठीला टेकवलं. पुलानंतर मोठा रस्ता लागतो, इतकंच काय ते माझ्या बाजूने होतं. मी दुसऱ्या गिअरवरून वर गेलोच नाही म्हटलं तरी चालेल.

तो झोपू नये म्हणून मी बोलत राहिलो. विचारलं, कुठल्या शेतात काय लावलंस यंदा. तो सांगायला लागला. खालच्या खाचरात हळवं, बांधाकडच्यात कोलम, त्या दोघांच्या मधल्यात काकांशी वाद. काकांचा वाद मी सगळा ऐकला. मग त्याची वाक्यं लहान होत गेली. मी विचारायचो, आणि उत्तर यायच्या आधी एक वळण होऊन जायचं.

"मंगेश, वासरू किती मोठं झालं?"

वळण गेलं. दुसरं गेलं.

"मंगेश."

"हाय," तो म्हणाला. "वासरू हाय."

काझाच्या अलीकडे मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी ब्रेक दाबला, क्लच दाबायचा राहिला, आणि बाईक बंद पडली. त्या शांततेत फक्त मेंढ्यांचा आवाज. मी उतरलोही नाही. गिअर काढला, बसल्या बसल्या किक शोधली, अडेपर्यंत नेली, केसभर पुढे. इंजिन गरम होतं. एका किकेत चालू झालं.

पाठीमागून आवाज आला, "आता येतंय तुमाला."

गेस्टहाऊसच्या खोलीत शिरलो तेव्हा नवी भीती मला दारातच भेटली. खोलीत शेगडी नव्हती. काझातही रात्री पाणी गोठतच होतं. मी बनियनाच्या घड्या उलगडायला लागलो, तेवढ्यात मंगेशने ते पुडकं माझ्याकडून काढून घेतलं. पेनं उजेडात धरली. आतलं पाणी हललं. स्वच्छ होतं. पण रात्री मधेच गोठून दिवसा वितळलं असेल तर? ते डोळ्यांनी सांगता येत नाही, तो म्हणाला. म्हणून तसेच दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकलं, रक्त घेतलं, सलाइन लावलं आणि फ्रीज उघडून त्यातलं इन्सुलिन काढलं. मी खुळ्यासारखं विचारलं, एवढ्या थंडीत फ्रीज कशाला. म्हणाले, "जमे नहीं इसलिए. बाहर से फ्रिज गरम है." संध्याकाळपर्यंत मुदलाच थांबला असता तर याला खाली रामपूरला हलवावं लागलं असतं, आणि तो रस्ता तुम्ही पाहिलाच आहे, असंही म्हणाले.

दुपार टळल्यावर मंगेशचा चेहरा परत त्याचा वाटायला लागला. पहिलं वाक्य बोलला ते, "ताईला सांगू नका." मी बाहेर आलो, फोन लागला आणि सगळं सांगितलं, ओढ्यापासून मेंढ्यांपर्यंत. मग रंजनाने विचारलं, "आत्ता किती आहे?"

"एकशेनव्वद."

"जेवला?"

"सूप घेतलं."

"तुमच्या पायांचं काय?"

मी पायांबद्दल काहीच बोललो नव्हतो, फक्त ओढ्यातून चाललो एवढं सांगितलं होतं. मी म्हटलं, शेकतोय. ती म्हणाली, "त्याला द्या फोन." बहीण-भावांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मंगेश दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला. बाईक काझाला सोडून जीपने परत या, असं तिचं म्हणणं होतं. ते त्याने ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही आग्रह धरला नाही. आम्ही आलो त्याच रस्त्याने, छोटे टप्पे करत उतरलो. रोज सकाळी किक मी मारायचो. रिकाँग पिओला पुन्हा नुसत्या बटणावर बाईक चालू झाली तेव्हा तो हसला आणि आमचा अबोला सुटला.

कोणी हिवाळ्याच्या तोंडावर तिकडे जाणार असाल आणि बरोबर असं औषध असेल, तर ते रात्री अंगाला लावून झोपा, चुलीवर विश्वास टाकू नका, आणि साठा कधीही एका जागी ठेवू नका. थोडा तुमच्याजवळ, थोडा सोबत्याजवळ. कार्बोरेटरची बाईक असेल तर किक आणि प्लग काढणं दोघांनाही आलं पाहिजे. वाटेत दुकानांत बाटलीतून मिळणारं पेट्रोल गाळून भरा. त्या खोऱ्यात एक बाईक नेऊ नका, दोन न्या. हे सगळं आम्हाला निघण्याआधी कोणी सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं असतं का, ते मात्र मी सांगू शकत नाही.

घरी आलो तेव्हा पनवेलला पंखे फिरत होते. रंजनाने भावाला समोर बसवून जेवायला वाढलं. डोलमाबाईंची शाल तिने धुऊन, घडी करून, बरोबर तांदळाच्या फेण्या आणि एक चादर घालून पाठवून दिली. पोचली की नाही कळायला मार्ग नाही.

या गोष्टीला वर्ष झालं. लोक मला विचारतात, स्पिती कशी होती, आणि मी फोटो दाखवतो. फोटो चांगले आहेत. पण मनात काय राहिलं असं विचाराल तर डोंगर कमी आणि पाठीला टेकलेलं ते डोकं जास्त. दोन प्रश्नांच्या मधली ती वळणं अजूनही कधीकधी भर दुपारी, गोदामात कंटेनरचे नंबर तपासताना, माझ्यासमोर येतात.

मंगेश मागच्या आठवड्यात पुन्हा गेला. या वेळी तिघं मित्र, तीन बाईक. मला सुट्टी मिळाली नाही; मागितली नाही, असं म्हणणं जास्त खरं. काल ते मुदला पोचणार होते. आज पहाटेच माझी झोप मोडली आणि मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून बसलो. मुदहून फोन येणार नाही, काझाला पोचल्यावरच येईल, म्हणजे दुपारच्या आत नाहीच, हे मला ठाऊक होतं. तरी फोन हातात होता.

रंजना उठून आली. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. तिने दोघांचा चहा टाकला आणि माझ्यासमोर बसली.

"त्याच्यासाठी इतकी वर्षं मी एकटीच उठायचे," ती म्हणाली.